गाडीत बिघाड नाही

दोष तुमचाच आहे, नियम करणाऱ्यांनो. कॉम्प्युटरवरची शर्यत मध्येच सोडायची तर गाडीत बिघाड पाहिजे, नाहीतर सगळी टीम बाद, हे तुम्हीच लिहिलंत. सेलूच्या मल्लेशला ते तोंडपाठ होतं. भर मे महिन्यात दुपारी दोनला तुम्ही फायनल ठेवली, अन् अर्ध्यात इकडं लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकतर कॉम्प्युटर चालायचा, नाहीतर कूलर. पत्र्याच्या खोलीत तापानं पडलेली त्याची आई, त्याची अव्वा, म्हणाली, "चालीव तू. मला काय धाड भरलीय?"

टीमचे डावपेच बघणारी अनुपमा हेडफोनमधून सांगत होती, "मागचे टायर लय तापायलेत. पाच फेऱ्या जपून घे, मग सुसाट सोडू."

"अनुपमा, अव्वा डोळे उघडंना. थांबू का?"

तिनं तुम्हाला विचारलं. तुमचं उत्तर आलं, "गाडी ठीक दिसते आहे. शर्यत चालू ठेवा."

पाचव्या फेरीला टायर निवले. मल्लेशनं पहिल्या नंबरवरची धडधाकट गाडी भिंतीवर घातली, कॉम्प्युटर बंद केला अन् कूलर लावला. वाऱ्यानं अव्वाचा पदर तेवढा हलला.

अव्वा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तुमचा निकाल आला. गाडी मुद्दाम ठोकली, गाडीत बिघाड नव्हता, म्हणून टीम बाद. त्यावर मल्लेशचं काहीच म्हणणं नाही. त्याला एवढंच विचारायचंय, टायर किती तापले ते तुम्हाला तिथं बसून दिसत होतं. माणूस किती तापलं ते कुठं दिसायला पाहिजे होतं? उत्तर द्या.