ऐंशीच्या आत

"वजन ऐंशीच्या आत आणा, मगच तुमची किडनी बहिणीला देता येईल," डॉक्टरांनी ब्याण्णव किलोच्या धम्मपाल मास्तरला बजावलं. दुसऱ्याच पहाटेपासून मास्तर नेटानं वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत चालू लागला, आणि परतायचं बळ यावं म्हणून फाट्यावर भजी खाऊ लागला. दर रविवारी रशीदभाईच्या भुसार दुकानात पोती तोलायच्या काट्यावर चढायचा. "मालात घट न्हाई, मास्तर," रशीदभाई म्हणायचा. डायलिसिसनं वाळत चाललेली ज्योत्स्ना हसायची, "दादा, वजन तुला कमी करायचंय, मला न्हाई." चौथ्या महिन्यात कुठं भजी सुटली, आठव्यात आकडा ब्याऐंशीवर आला, त्याच आठवड्यात ती गेली. मास्तरच्या घशाखाली घास उतरेना. पुण्यानुमोदनाच्या जेवणाचा तांदूळ आणायला तो दुकानात गेला, सवयीनं काट्यावर चढला. एकोणऐंशी. रशीदभाईनं आकडा पाहिला, त्याला हाताला धरून खाली उतरवलं आणि तांदळाचं पोतं चढवलं.