आणखी एक पाव

सहा किलो वजन उतरलं, की अमृता आपल्या यकृताचा तुकडा थोरल्या भावाला, महेंद्रला देऊ शकणार होती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलेलं. सोमवार ते शनिवार ती उकडलेल्या मुगावर आणि काकडीवर काढायची. रविवारी एक वेळ मनासारखं खायची मुभा होती.

त्या एका वेळेला महेंद्र तिला शहाडच्या नाक्यावरच्या हॉटेलात आणायचा. स्वतः बिनमिठाचा डबा उघडायचा आणि तिच्यासाठी मिसळ मागवायचा. रस्सा संपला की वाटी यायची, पाव संपला की पाव यायचा.

आज त्यानं न विचारता भज्यांची प्लेटही मागवली. "खा गं. आठवडाभर नुसत्या मुगावर आहेस."

अमृतानं प्लेट हलकेच बाजूला सारली. "दादा, तू हे मुद्दाम करतोस ना?"

महेंद्र डब्यातला भात चिवडत राहिला.

"तुझी पोरगी अजून बालवाडीत आहे, अमू," तो मान खाली घालून म्हणाला. "माझ्यापायी तुला काही झालं, तर तिला काय सांगू मी? तुझं वजन उतरलंच नाही, तर डॉक्टरच नको म्हणतील. मला तुला नको म्हणायला जमत नाही."

अमृतानं उरलेला पाव रश्श्यात बुडवला आणि सावकाश, चवीनं खाल्ला.

"दर रविवारी तुला इथून रिक्षात बसवते ना," ती म्हणाली, "मग मी कल्याणपर्यंत चालत जाते. सहावा किलो काल उतरला, दादा."