सवतीसाठी कूलर

‘आधी लोखंडाला हात लाव, मग आतल्या वस्तूला. अंगातली वीज उतरू दे.’

काउंटरवर मांडलेला, कॉम्प्युटरच्या आत बसवायचा कूलर उचलायच्या आधी तिचा हात आपसूक काउंटरच्या लोखंडी पायाकडे गेला. दुकानदाराच्या नजरेतून ते सुटलं नाही. ताई, हे कुणी शिकवलं, त्याने हसत विचारलं.

"घरातल्यांनी," ती म्हणाली.

घरातल्यांनी म्हणजे यजमानांनी. एकेक भाग पारखून आणून ते घरचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर जोडत बसायचे, तेव्हा जेवण गार व्हायचं आणि ती त्याला सवत म्हणायची. पुढे आजाराने त्यांचे हातपाय गेले, मग आवाज गेला, आणि आता ते सवतीच्याच तोंडून बोलत होते. पडद्यावरच्या अक्षरांकडे ते एकेक करून बघायचे, कॅमेरा त्यांची नजर टिपायचा आणि जुळलेले शब्द कॉम्प्युटर मोठ्याने वाचायचा. आवाज कुणा परक्याचा, शब्द त्यांचे.

पण आतला पंखा झिजला होता. कॅमेरा लावला की सगळं तापायचं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा. काल नेमकं तेच झालं. श्वास पुरेनासा झालाय, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. बसवली तर वर्षं निघतील, नाही तर काही आठवडे. उत्तर त्यांचं त्यांनीच द्यायचं होतं. अक्षर अक्षर जुळवत ते ‘मला ती नळी’ इथवर आले आणि पडदा काळा झाला.

धाकट्या दिराला राहवलं नाही. तो खुर्चीशी वाकून म्हणाला, दादा, बसवू ना नळी? त्यांचे डोळे मिटले. डोळे मिटले की हो, असं घरात ठरलेलं होतं. दीर बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला, आणि डोळे पुसून डॉक्टरांना फोन लावायला निघाला. तिने त्याला थांबवलं. आताशा ते डोळे थकूनही मिटत.

आत्ता तो तिच्या शेजारी उभा होता. गाडी त्याची म्हणून आलेला, पण मनातून नाही. दुकानदाराने विचारलं, मशीन कितीसं चालवता. थोडंच, चार शब्दांपुरतं, दीरच बोलून गेला. मग हा छोटा पंखा पुरे, दुकानदार म्हणाला. फार ताणलंत तर बंद पडेल, पण चार शब्दांना काय होतंय. दिराने तो उचललासुद्धा.

"मध्येच तुटायला नको," ती म्हणाली.

दुकानदाराने दुसरा खोका उघडला. काळ्या नळ्यांतून पाणी खेळवून थंड करणारा कूलर होता तो. सगळ्यात नवा, त्याने कौतुकाने सांगितलं. तिने तो हाताच्या पाठीने बाजूला सारला.

"नळ्यांचा नको."

आवाज तिच्या सवयीपेक्षा चढा निघाला. दीर तिच्याकडे बघत राहिला. मग तिला जरा बाजूला घेऊन, मान खाली घालून बोलू लागला. "वहिनी, दादाने डोळे मिटले. तुम्हीही पाहिलंत. तेवढ्यावर राहू दे ना."

तेवढ्यावर राहू द्यायला तिचाही जीव आसुसला होता. रिकाम्या हाती घरी गेलं असतं तर कुणी तिला बोल लावणार नव्हतं. नळी बसली असती, आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायला त्यांचं तोंड तिच्यासमोर राहिलं असतं. पण जीभ जड होऊ लागली त्या दिवसांत त्यांनी तिचा हात धरून सांगितलं होतं, माझ्या वतीने कुणी बोलायचं नाही, तूसुद्धा नाही. ती हो म्हणाली होती.

ती काउंटरपाशी परतली. कोपऱ्यातला उंच कूलर तिने पुढे ओढला. पातळ धातूच्या पात्यांची उतरंड आणि दोन्ही अंगांना पंखे. पर्समधून गाठ मारलेला दोरा काढून तिने उंची मापली. घरी कॉम्प्युटरच्या खोक्याची खोली याच दोऱ्याने मापून आणली होती. दोरा बोटभर कमी पडला.

याने झाकण बसायचं नाही, दुकानदार म्हणाला. उघडं ठेवलंत तर धूळ जाणार, रोज पुसावं लागणार.

"पुसेन."

"मग हाच न्या. कितीही वेळ चालवा, हा थांबणार नाही. दहा वर्षं बघायला नको."

तिने खोका दोन्ही हातांनी घेतला.

घरी ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते, डोळे उघडे. त्यांच्यापाशी बसलेली शेजारीण उठून गेली. तिने कूलर खोक्यातून काढून त्यांच्यासमोर धरला, या बाजूने, मग त्या बाजूने. त्यांची नजर पात्यांवरून सावकाश फिरली, वरपासून खालपर्यंत. पूर्वी दुकानात एखादा भाग पारखताना फिरायची तशीच.

दीर दारातच थांबला होता. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "दादा काय सांगणार, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मला ठाऊक असून उपयोग नाही, भाऊजी."

ती जमिनीवर बसली. कॉम्प्युटर पुढ्यात ओढला. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डावा तळवा लोखंडी चौकटीवर टेकवला. क्षणभर टेकवला तरी पुरे, असं ते म्हणायचे. तिने बराच वेळ टेकवून ठेवला. मग पहिला स्क्रू सैल केला.