चार भोकं

"बघितलंत? लक्ष नसलं की काय होतं ते?" बाईंनी यंत्रापाशी लावलेल्या पाटीवर बोट ठेवलं. "वाच गं, मोठ्याने वाच."

पुढच्या मुलीने वाचलं. "पिंजण यंत्र क्रमांक सात. या यंत्रावर काम करत असताना एका महिला कामगाराचा उजवा पंजा तिच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे चाकांत सापडून निकामी झाला."

तीस मुलांनी एकदम "ईऽऽ" केलं. दोघांनी हात बाहीत ओढून घेऊन पंजा तुटल्याचं सोंग केलं. बाईंनी त्यांच्यावर डोळे वटारले आणि म्हणाल्या, "हं, आता कागदावर 'आज मी काय शिकलो' आहे ना, त्याच्याखाली लिहा. काम करताना नेहमी लक्ष द्यावे."

मुकादम बाजूला हात मागे बांधून उभे होते. बंद पडलेल्या गिरणीचं संग्रहालय झालं तेव्हापासून दर शनिवारी ते आपण होऊन यायचे आणि शाळेच्या मुलांना पिंजणीचं खातं फिरवून दाखवायचे. गळ्यातल्या बिल्ल्यावर 'मार्गदर्शक' असं छापलेलं होतं, पण याच खात्यावर पंचवीस वर्षं मुकादमकी केलेल्या माणसाला मुकादमाशिवाय दुसरं काय म्हणणार? कापूस कुठून आत जातो, त्याचा मऊसूत, दोरासारखा लांब पेळू होऊन कसा बाहेर येतो, हे सांगताना ते तोंडाने यंत्राचा आवाज काढायचे आणि पोरं हसून लोळायची. सात नंबरपाशी मात्र ते गप्प राहायचे. तिथे पाटीच बोलायची.

पाटीवरचं वाक्य त्यांचंच होतं. संग्रहालयवाल्यांना गिरणीच्या दप्तरात अपघाताचा कागद सापडला. त्यातलं वाक्य त्यांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं, फक्त खालची सही तेवढी गाळली.

"चला, आता आठ नंबर," मुकादम म्हणाले. रांग पुढे सरकली.

एक मुलगी मात्र मागेच राहिली. मोजे घोट्यावर उतरलेले, कागद कोरा, आणि ही खुशाल जमिनीवर उकिडवी बसून यंत्राच्या कुशीत डोकावत होती.

"आजोबा, इथे काय होतं?"

"कुठे?"

"इथे. चार भोकं आहेत बघा, स्क्रूची." तिने एका भोकात बोट घातलं. "सहा नंबरला इथे जाळी आहे. आठलापण आहे, मी आत्ताच बघून आले. यालाच नाहीये."

बाई लगबगीने परत आल्या. "ऊठ आधी, कपडे बघ कसे झालेत! अगं, जुनं यंत्र आहे, पडली असेल कुठेतरी." मग मुकादमांकडे वळून हसल्या. "हिचं हे असंच असतं हो. मागच्या महिन्यात वर्गातला पंखा का फिरत नाही म्हणून बटणाची पेटी खोलून बसली होती."

पडली असेल कुठेतरी. बाईंनी उत्तर आयतं हातात ठेवलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुकादमांनी मान हलवायला घेतलीही. पण मुलगी त्यांच्याकडे बघत होती, बोट अजून भोकातच.

"पडली नाही," ते म्हणाले. "काढली होती."

"कोणी?"

पलीकडे आठ नंबरचा दांडा कोणीतरी फिरवत होतं आणि बाकीचे ओरडत होते, आता माझी पाळी, आता माझी.

"मी."

बाईंचं हसू तसंच राहिलं. नीट ऐकू आलं नसावं असं.

"कापूस गुंतायचा," मुकादम म्हणाले. ते बाईंशी बोलत नव्हते, मुलीशी बोलत होते. "जाळी असली की चार स्क्रू खोला, कापूस काढा, परत चार स्क्रू बसवा. पाळीला पाऊण तास त्यातच जायचा. माल कमी निघाला की वरून बोलणी मला. म्हणून काढून टाकली. यावर काम करणाऱ्या बाई दोनदा म्हणाल्या, मुकादम, जाळी बसवा, भीती वाटते. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. जाळी माझ्या कपाटावरच होती. धूळ खात."

"मुलांनो, रांग करा! रांग!" बाई एकदम मोठ्याने म्हणाल्या, आणि आठ नंबरकडे गेल्या. जाताना त्यांनी मुलीच्या खांद्याला हात लावला, पण ती उठली नाही.

"म्हणजे पाटीवर खोटं लिहिलंय?"

"हो."

"कोणी लिहिलं?"

"तेही मीच. अपघाताच्या कागदावर."

मुलीने बोट भोकात गोल फिरवलं. ती चिडली असती, रडली असती, तरी मुकादमांना बरं वाटलं असतं. ती विचार करत होती.

"मग हात गेला त्या बाई का नाही भांडल्या? कागद वाचला असेल ना त्यांनी?"

"त्यांना वाचता येत नव्हतं. दवाखान्यात जाऊन मी वाचून दाखवला." मुकादमांनी बिल्ल्याची दोरी मुठीत धरली. "निष्काळजीपणा हा शब्द गाळून वाचला."

"आणि सही?"

"सही येत नव्हती. अंगठा घेतला."

मुलीने भोकातून बोट काढलं. आपला उजवा हात वर धरला, उलटासुलटा करून पाहिला आणि गोंधळून त्यांच्याकडे बघितलं.

"डाव्या हाताचा," मुकादम म्हणाले.