घंगाळ, नग एक

सकाळी साडेदहा वाजता ती ओळ परत आली. तांब्याचं घंगाळ, नग एक. कोरायचं नाव: रिकामं.

पलकने ती दोनदा खोडली होती. आता तिसऱ्यांदा खोडली आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. खाली दुकानात यंत्राची बारीक कुरकुर चालली होती. कुणाच्या तरी डब्यावर नाव पडत होतं.

धुळ्यातलं हे भांड्यांचं दुकान तिच्या सासऱ्यांचं, मदनलाल यांचं. लग्न होऊन आल्यावर पलकने व्हिडिओ बघत रिअ‍ॅक्ट, म्हणजे वेबपानं बांधायचं तंत्र, शिकायला घेतलं आणि इंटरनेटवर दुकानाचं एक पान तयार केलं. गिऱ्हाइकाने भांडं निवडायचं, नग सांगायचा, कोरायचं नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. मागणी लगेच पानावरच्या यादीत पडायची. टाकणाऱ्यालाही दिसायची, पलकलाही. दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर ती पानाच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवत होती. अजून एकही मागणी आली नव्हती.

नव्या पिशव्या आज छापायला जायच्या होत्या. मदनलालांनी अट घातली होती.

"एक परकं गिऱ्हाईक दाखव. मावशी नको, माहेरचं कुणी नको. लगेच पत्ता पिशवीवर छापतो. नाहीतर बेटा, ते पान मिटव आणि खाली गल्ल्यावर बस."

पलकला गल्ल्याचं वावडं नव्हतं. पण हे पान तिने शून्यातून उभं केलं होतं. ते मिटवणं तिच्या जिवावर आलं होतं. आणि नेमकं आजच त्यात भूत शिरलं होतं.

ही ओळ गिऱ्हाइकाची नाही, याची तिला खात्री होती. यादीत पहिलं भांडं घंगाळच होतं आणि नगाच्या चौकोनात एकचा आकडा आपोआप यायचा. काही न भरता बटण दाबलं गेलं तर नेमकी हीच ओळ पडणार. शिवाय ते रिकामं नाव. भांडं घ्यायचं आणि त्यावर नाव टाकायचं नाही, असं इकडे कुणी करत नाही. साध्या वाटीवरही देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं आणि गावाचं नाव येतं.

तिने रूपाला फोन लावला. रूपा तिची कॉलेजातली मैत्रीण. नरडाण्याच्या एका कारखान्यात संगणकाचं काम बघायची आणि हे सगळं पलकच्या आधी शिकली होती.

"बटणाच्या कामापुढे कंस टाकलेस का?" रूपाने विचारलं. "सगळे नवशिके टाकतात. मग पान उघडलं की बटण न दाबताच काम होऊन बसतं."

"नाही टाकले. पुन्हा पुन्हा बघितलं."

"फाइल सेव्ह केलीस?"

"रूपे!"

"चिडतेस काय? मी त्याच्यापायी अख्खा दिवस रडलेली आहे."

दोघी हसल्या. मग रूपा म्हणाली, "रोग सापडत नाही ना? मग दार लाव. नाव रिकामं असेल तर मागणी घ्यायचीच नाही. 'नाव भरा' असं सांगायचं, बस. भुताला कुठे नाव लिहिता येतं?"

पलकने ते चार ओळींत लिहिलं. स्वतः रिकामं नाव ठेवून बटण दाबून बघितलं. लाल अक्षरं आली: नाव भरा. यादी कोरी राहिली. ती बराच वेळ कोरीच राहिली. रूपाला विचारून का होईना, पण आपल्या हाताने दुरुस्त केलेली ही पहिली चूक. पलकला बरं वाटलं. फोन हातात घेऊन ती जिना उतरली.

दुकानात छपाईवाले तोताराम पिशवीचा नमुना मांडीवर घेऊन चहा पीत होते.

"आलं का गिऱ्हाईक?" मदनलालांनी विचारलं.

"नाही, बाबूजी. पण चूक बंद केली."

"ऐका, तोतारामभाऊ. चूक बंद झाली. आता गिऱ्हाईकही नाही आणि चूकही नाही. असं निवांत दुकान अख्ख्या धुळ्यात नसेल."

तोताराम हसले. "मग नमुन्यातला पत्ता काढून टाकू ना, शेठ?"

मदनलालांनी सुनेकडे बघितलं. तिचं तोंड बघून त्यांना हो म्हणवेना. ते चष्मा पुसत बसले. तेवढ्यात पलकच्या हातातल्या फोनवर यादी हलली.

घंगाळ, नग एक. या वेळी नाव रिकामं नव्हतं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन सासऱ्यांसमोर धरला. मदनलालांनी चष्मा चढवला आणि कोरायच्या नावाच्या चौकोनातला अहिराणी मजकूर मोठ्याने वाचला.

"नाव आजून ठेवेल नही. पोर कालदिन जन्मनी. बारसाले ठेवसूत. आते तरी खोडू नका."

यंत्रावरच्या कारागिराने हात थांबवला. तोतारामांनी कप खाली ठेवला.

"तू गिऱ्हाईक खोडत होतीस?" मदनलाल म्हणाले.

"तीनदा," पलक म्हणाली.

मदनलाल खो खो हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग तोतारामांना म्हणाले, "पत्ता छापा. मोठ्या अक्षरांत." आणि सुनेला विचारलं, "कोणाची पोर? गाव कोणतं?"

पलकने पानावर वरपासून खालपर्यंत बघितलं. भांडं होतं, नग होता, कोरायचं नाव होतं. मागवणाऱ्याचा फोन नंबर आणि गाव विचारायला ती विसरली होती.

ते दोन्ही चौकोन तिने दुपारीच घातले. संध्याकाळी दुकान बंद होईपर्यंत एवढंच कळलं होतं: खान्देशात कुठेतरी मुलगी झाली आहे आणि तिच्या अंघोळीचं घंगाळ धुळ्यात बाजूला काढून ठेवलं आहे.