सहा ते सात

विब्के दाराच्या आतल्या पायरीवर बसली होती. अंगावर कालचाच टी-शर्ट, हातात पासपोर्ट, लघवी दाबून धरलेली. रोज सकाळी सहा ते सात ती अशीच बसायची, परीक्षेच्या वर्गाबाहेर बसावं तशी.

उत्तेजकांची तपासणी करणारे कधी येतील याचा नेम नसतो. व्यावसायिक टेनिस खेळणारीने रोजचा एक तास आणि एक पत्ता आधी कळवून ठेवायचा. त्या तासात ते आले तर ती तिथे सापडलीच पाहिजे. वर्षभरात तीनदा सापडली नाही, की बंदी. मग तिने तापाची गोळीसुद्धा विचारून घेतलेली असो. विब्के दोनदा चुकली होती. एकदा बर्लिनहून येणारी गाडी रखडली. जर्मनीत रेल्वे वेळेवर धावते असं परदेशातल्या लोकांना अजून वाटतं, त्यांना वाटू दे. दुसऱ्यांदा दारावरची बेलच मेली होती. ते खाली बटण दाबत राहिले, ही वर झोपून राहिली. दोन्ही कारणं खरी होती. ती ऐकून घेतली गेली आणि चूक ती चूकच राहिली.

मग पप्पांनी नवी बेल बसवली. ती इतकी कर्कश, की समोरच्या ब्रोकमानबाई तणतणत आल्या.

"हाइनर, आग लागली की काय तुझ्या घराला?"

"लागू नये म्हणूनच बसवलीय," पप्पा म्हणाले.

पप्पा जन्मभर बेकरीवाले. निवृत्त झाले तरी त्यांना उशिरापर्यंत झोपायला काही जमलं नाही. कॉफीचा कप घेऊन तेही लेकीशेजारी पायरीवर बसायचे. गल्लीत गाडीचा आवाज आला की दोघंही माना वर करायची. याच माणसाने तिला लहानपणी पावाच्या गाडीत, राय धान्याच्या पावांच्या क्रेटांमध्ये बसवून गावोगावच्या मातीच्या कोर्टांवर नेलं होतं. आता ती तिशीची होती आणि पुढच्या आठवड्यात पॅरिसच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पहिल्यांदाच उतरणार होती. या वयात बंदी आली तर परत येणं नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि पप्पांना तिच्याहून जास्त.

आज पायरीवर ती एकटीच होती. हृदयाने दगा दिला म्हणून पप्पा शेजारच्या गावी इस्पितळात होते. फोन वाजला. आईचा होता.

"विब्के, डॉक्टर म्हणतायत, मुलीला बोलावून घ्या."

"अगं, काल तर सूप प्यायले ना ते? सात वाजू दे, लगेच निघते..."

"पप्पाही हेच म्हणतायत. तिला दारातून हलू देऊ नकोस म्हणतायत." आईचा आवाज फाटला. "मी म्हणते, ये."

सहाच्या आधी कळलं असतं तर पत्ता बदलता आला असता. तास सुरू झाल्यावर काही बदलत नाही. विब्के उठली, पुन्हा बसली. बाप जायला निघालाय आणि आपण घड्याळ बघतोय, याची तिला लाज वाटली. तरी तिने घड्याळ बघितलं. मग गाडीची किल्ली घेतली.

रस्ता रिकामा होता. पांढऱ्या शतावरीची भाजी विकणाऱ्या टपऱ्या अजून उघडल्या नव्हत्या. गावाच्या वेशीवर समोरून एक करडी गाडी आली. आत एक पुरुष आणि एक बाई, दोघंही अनोळखी, पाट्या वाचत हळूहळू येणारी. विब्केचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तेच असतील का? तेच असले तर परत फिरायचं, त्यांच्यासमोर बाटली भरायची, रक्त द्यायचं, सह्या करायच्या. तासभर तरी जाणार. पप्पांकडे तासभर होता का?

गाडी बाजूने निघून गेली. तिने आरशात बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं. गाडी त्यांच्या गल्लीच्याच दिशेने वळत होती.

तिने पाय ब्रेकवरून काढला.

खोलीत आई पलंगाला खेटून बसली होती. पप्पा एका रात्रीत निम्मे झाले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले. लेकीला बघून आनंद व्हावा, तर त्यांच्या चेहऱ्यावर भीती उमटली.

"तू इथं कशी? सात वाजले?"

"वाजून गेले की, पप्पा." तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, इतकं ते सहज आलं. "आज नेमके आले. दोघं होती. तुमच्या बेलने बिचारी दचकलीच."

आई उठली. भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभी राहिली.

"सगळं दिलंस?"

"दिलं."

"सही केलीस? नीट वाचून?"

"नीट वाचून केली."

"मग पॅरिस," पप्पा म्हणाले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. इतक्या महिन्यांत तिने त्यांना असं निवांत पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजायला लागला. अनोळखी नंबर. दार उघडलं नाही, तर तास संपायच्या जरा आधी ते एकदा फोन करून बघतात आणि मग निघून जातात. त्या दिवशी रेल्वेतही असाच आला होता.

"कोण गं?" पप्पांनी विचारलं.

तिने फोन बंद केला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"राँग नंबर आहे, पप्पा."