गुंडप्पाचा तळहात

गुंडप्पानं देवीचा जळता पोत उजव्या हातात धरला, डावा तळहात जाळावर आणला आणि तिथंच ठेवला. चिंध्या पिळून तेलात भिजवलेला तो पलिता चरचरत होता. धाराशिवकडच्या वाशीतली निम्मी गल्ली अंगणात लोटलेली. ‘उदो उदो’चा नुसता कल्ला.

मग वास आला. जळक्या कातडीचा, आणि त्याच्या खालून कुजल्याचा. वर्षाराणीनं ओढणी नाकाला लावली. ती गुंडप्पाची पुतणी. पुण्याच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांच्या अळ्यांना तापलेलं टोक टेकवून बघायचं, हे तिचं रोजचं काम. चांगली अळी चटका बसला की गिरक्या घेत पळते. तिच्या मज्जातंतूंना बारीक बारीक दारं असतात. चटक्यानं ती उघडतात, आयन आत घुसतात आणि दुखल्याची वर्दी पुढं जाते. दारं बंद पाडली, की अळी मठ्ठासारखी चरत राहते. गुंडप्पाची तर दारंच काय, तंतूच शुगरनं मारून टाकले होते. तळहाताला भोक पडलं होतं, त्यातून पू गळत होता, आणि लोक हात जोडून बघत होते.

“भागवत, पोत काढून घे,” ती चुलतभावाला म्हणाली. “हात सडलाय आप्पांचा. कापावा लागंल.”

भागवत मोबाईलवर बापाचं शूटिंग करत होता. “तुझं किड्यामुंग्यांचं शास्त्र हितं नगं, ताई. आईची किरपा हाय. म्या सुई टोचून बघितली, हूं का चूं केलं न्हाय त्यांनी.”

जन्मदात्या बापाला सुया टोचून बघतो मेला. तिला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

तेवढ्यात शेजारच्या सारजाबाईनं नातवाला पुढं केलं. गुंडप्पानं तोच तळहात लेकराच्या टाळूवर ठेवला. टाळूला पू लागला. सारजाबाईनं तो बोटानं टिपला आणि अंगारा लावावा तसा आपल्या कपाळाला लावला.

शी! वर्षाराणीनं पोत हिसकावला, बादलीत बुडवला आणि चुलत्याला धरून न्हाणीत नेलं. मागं बायका बोटं मोडत होत्या. तिनं त्याच्या हातावर पाणी ओतलं.

“आप्पा, आत्ताच्या आत्ता धाराशिवला दवाखान्यात जायचं. तुम्हाला कळत न्हाय, पण हात जळतोय तुमचा.”

“कळतंय की,” गुंडप्पा हळूच म्हणाला. “मला काय नाक न्हाय व्हय?”

“मग कशापायी करता हे?”

त्यानं ओला हात धोतराला पुसला. धोतराला पिवळा डाग पडला. बाहेर माणसं अजून खोळंबून बसली होती.

“दुखत हुतं तवा या दारात कुत्रं फिरकत न्हवतं, वर्षे,” तो म्हणाला. “जा, भागवतला म्हणावं दुसरा पोत पेटव.”